चार मिनिटांचा दर्या

दिवाळीच्या फराळाला माणसे जमली की हल्ली एक प्रसंग हटकून घडतो. चकल्यांचा दुसरा घाणा बाहेर येत असतो, आणि कुणाची तरी पुतणी किंवा भाचा मोबाईल पुढे करून म्हणतो, "काका, आमच्या कॉलेजच्या ग्रुपने गाणं केलंय. बघा ना!" सगळ्यांचे चष्मे सरसावतात. समुद्र, डोंगर, वाऱ्यावर केस सोडून चालणारी एखादी मुलगी, आकाशातून दिसणारा वळणाचा रस्ता असे काहीबाही चार मिनिटे डोळ्यांपुढून सरकते. मग चहूबाजूंनी एकच शब्द येतो, "छान!" मोबाईल खिशात जातो आणि बोलणे पुन्हा चिवड्यावर येते.

या 'छान'ची मला अलीकडे चीड येऊ लागली आहे. मुलांनी चार महिने खपून काही केले आणि आपण त्यांना काय दिले, तर एक शब्द. तोही चकली आवडली म्हणून सांगताना वापरतो तोच. नाटक पाहून आल्यावर आपण रात्रभर वाद घालतो. कवितेच्या एका ओळीवरून आपल्याकडे मैत्र्या तुटल्या आहेत. पण आजच्या विशीतल्या मुलामुलींनी जो प्रकार खऱ्या अर्थाने आपलासा केला आहे, त्या म्युझिक व्हिडिओबद्दल बोलायला आपल्यापाशी शब्दच नाहीत. म्हणून अशा एका चित्रफितीविषयी, कविता किंवा नाटकाविषयी लिहावे तितक्याच गांभीर्याने लिहून पाहावे असे मनात आले. ही चित्रफीत मुरुडला झाली आणि योगायोगाने ती होत असताना मी तेथे होतो.

गेल्या पौषात मी मुरुडला चार दिवस राहायला गेलो होतो. त्याच घरात वरच्या माडीवर मुंबईच्या एका कॉलेजातली सात मुले उतरली होती. परीक्षेचा भाग म्हणून त्यांना एक गाणे चित्रित करायचे होते. गाणे त्यांचे स्वतःचे होते. त्यांच्यातल्याच एका मुलीने ते लिहिले होते आणि तीच ते गाणार होती. तिची आजी याच किनाऱ्यावरची, कोळीवाड्यातली. मासेमारीला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई, एवढाच गाण्याचा विषय. तीन कडवी, चार मिनिटे दहा सेकंद. चाल साधी आणि कानात राहणारी होती. मी सिनेमावर थोडेफार लिहितो हे कळल्यावर त्यांचा दिग्दर्शक संध्याकाळी वही घेऊन माझ्यापाशी आला. वही नीटनेटकी होती. कुठल्या वेळी कुठे जायचे, कोण काय धरणार, बॅटऱ्या किती, जेवण कुठे, सारे लिहिलेले होते. ठिकाणांची यादी अशी: जंजिरा, पद्मदुर्ग, सुरूचे बन, पुळण, सूर्यास्त. पुढे कंसात 'ड्रोन' असा शब्द तीनदा लिहून त्याखाली रेघ मारलेली.

मी विचारले, "यात गाणं कुठं आहे?"

तो गोंधळला. म्हणाला, "म्हणजे? या सगळ्यावर गाणं वाजणारच ना, काका!"

माझी पहिली तक्रार या उत्तरातच आहे आणि ती त्या एका मुलाविरुद्ध नाही. आज दहांतल्या नऊ चित्रफितींची आखणी अशी होते. आधी ठिकाणे ठरतात आणि मग त्या ठिकाणांवर गाणे अंथरले जाते. जंजिरा हा सिद्दीचा पाणकोट. त्याच्यावर वचक ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी मुरुडसमोरच्या खडकाळ बेटावर पद्मदुर्ग उभारायला घेतला. या दोन किल्ल्यांच्या मधल्या पाण्यात इतिहासाचे केवढे तरी नाट्य भरले आहे. पण ते नाट्य वाट पाहणाऱ्या कोळणीचे नव्हे. तिला बुरुजांशी कर्तव्य नसते. तिला क्षितिजावरचे शीड हवे असते. गाणे एका बाईविषयी आणि चित्रे पर्यटन खात्याच्या पत्रकातली, असे झाले की पाहणाऱ्याचा डोळा एकीकडे ओढला जातो आणि कान दुसरीकडे.

याच्या उलट टोकालाही एक खड्डा आहे, आणि मुलांच्या वहीत तोही होता. शब्दात 'लाट' आली की लाट दाखवायची, 'वारा' आला की ओढणी उडवायची, 'डोळे' आले की डोळे. शब्दाने जे सांगून झाले ते चित्राने पुन्हा सांगायचे, म्हणजे पाहुण्याला एकच लाडू दोनदा वाढण्यासारखे आहे. दुसऱ्यांदा तो पानातच राहतो.

मग गाण्याला चित्र हवे कशाला? हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्राने तो फार लवकर सोडवायला घेतला होता. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्या काळात गाणे आणि चित्र वेगळे करण्याची सोयच नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे खरोखर गात असे आणि वाजवणारे चौकटीच्या बाहेर कुठेतरी दडून साथ करीत. गाणारा हलला की आवाज हलणार, म्हणून गाणे एका जागी बसून राही. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूपछांव'मध्ये पार्श्वगायन आले. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे, मग चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवायचे आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. आजची मुले किनाऱ्यावर स्पीकर लावून जे करतात ते हेच. या युक्तीने चित्राचे पाय मोकळे झाले. ते धावू शकले, डोंगर चढू शकले. मात्र मोकळे पाय भरकटतातही.

ते भरकटू नयेत म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनिसांना गाताना दाखवले तेव्हा देखाव्याची फारशी आतषबाजी केली नाही. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास होता. तो चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग लोकांना खुद्द तुकोबांचाच वाटला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. शब्द, चाल, गाणारा आणि चित्र यांच्यातला सांधा दिसेनासा झाल्याशिवाय असा गैरसमज होत नाही. पुढच्याच वर्षी 'कुंकू'मध्ये व्ही. शांताराम यांनी आणखी एक पाऊल टाकले. पार्श्वसंगीत काढून टाकले आणि प्रसंगात जे आवाज स्वाभाविकपणे असतील तेवढेच ठेवले. जागेचा स्वतःचा आवाज असतो आणि तो ऐकावा लागतो, हा धडा त्यात आहे. प्रभातच्या त्याच जागेत १९६० साली पुण्याची चित्रपटसंस्था सुरू झाली, आणि तेव्हापासून कितीतरी विद्यार्थी त्या आवारात कॅमेरा धरायला शिकले.

दर्याच्या गाण्यांची गोष्ट तर आणखी मौजेची. शांता शेळके यांनी शब्द दिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाली बांधलेली कोळीगीते आमच्या पिढीने रेडिओवर ऐकली. त्यांना चित्र नव्हते. घाटावरच्या, समुद्र न पाहिलेल्या मुलांनीही त्या सुरांतून आपापला समुद्र उभा केला. आता मुलांपाशी कॅमेरा आहे आणि समोर साक्षात समुद्र आहे. तरीही पाहणाऱ्याच्या मनात समुद्र उभा राहत नसेल तर उणीव यंत्रात नाही.

असो. आता मुरुडच्या दोन दिवसांकडे येतो.

पहिला दिवस वहीप्रमाणे झाला. जंजिरा हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षिलेले स्मारक. आत चित्रीकरण करायचे तर आधी परवानगी काढावी लागते, आणि ती यांनी काढली नव्हती. तेव्हा राजपुरीच्या धक्क्यावरून, मागे किल्ला दिसेल असे उभे राहून काम भागवले. गाणारी मुलगी भाड्याने आणलेल्या कोळी पोशाखात होती. लुगडे, केसांत वेणी, गळाभर दागिने. टोपली घेऊन निघालेल्या एका मावशींनी तिला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "कुणाचं लगीन हाय गो, बाय?" सगळे हसले, मुलगीही हसली. पण त्या प्रश्नात एक संपूर्ण परीक्षण होते. लग्नातला पोशाख कामाच्या दिवशी चढवला की माणसाचे चित्र होते आणि माणूस हरवतो. ज्या समाजाची ती नात, त्याच समाजाची तिला त्या दिवशी बाहुली केले गेले होते, आणि तेही तिच्याच मित्रांच्या प्रेमळ हातांनी.

दुपारी संथगतीचे काम होते. त्याची करामत वाचकांना सांगण्यासारखी आहे. चित्र संथ दिसावे पण ओठ मात्र गाण्याशी जुळावेत, यासाठी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात, गाणारी तितक्याच घाईने ओठ हलवते आणि कॅमेरा सेकंदाला दुप्पट चित्रे टिपतो. मग नेहमीच्या वेगाने दाखवले की ओठ बरोबर जुळतात आणि पदर मात्र स्वप्नातल्यासारखा तरंगतो. मुरुडच्या पुळणीवर तो विरहाचा सूर चिमणीसारखा चिवचिवू लागला, तेव्हा गावातली पोरे गोळा होऊन पोट धरून हसली. मुलांनी चिकाटी सोडली नाही. त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

खरा प्रसंग संध्याकाळी घडला. वहीतला शेवटचा शॉट असा होता: सूर्य बुडतो आहे आणि ती बाई वाट पाहून पाहून पाण्यात चालत जाते, कमरेपर्यंत. कॅमेरा पाठीमागून. दिग्दर्शकाचा सगळा जीव या शॉटमध्ये होता. त्या दिवशी चतुर्थी होती. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती पूर्ण, आणि सव्वासहाला, सूर्यास्ताच्या वेळी, ओहोटी ऐन ओढीवर. वहीत सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट होती. ओहोटीची नव्हती.

मुलगी गुडघाभर पाण्यात शिरली तेव्हा सकाळच्याच त्या मावशी वाळूतून तरातरा आल्या. "बाहेर ये गो! पानी परत चाललंय. त्ये एकलं जात न्हाय, संगती घेऊन जातं." दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, फक्त दोन मिनिटं." मावशींनी त्याच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या पोरांनापन दोनच मिनिटं लागली, बाला."

कुठली पोरे, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या या समुद्रात बुडाले. ही मुले तेव्हा शाळेत असतील. पण कोळीवाडा तो दिवस विसरलेला नाही. त्या दिवशी पाण्यात उतरणारे हात इथलेच होते. मी ते सांगितले. कुणी काही बोलले नाही. मुलगी बाहेर आली, स्पीकर बंद झाला. त्या शांततेत पहिल्यांदाच मला समुद्राचा आवाज ऐकू आला. मला वाटते, त्यांनाही आला असावा.

रात्री माडीवर बराच वेळ वाद चालला होता. दिग्दर्शक घुश्शात होता. शेवटच नाही तर गाणे संपणार कसे? तेव्हा ती मुलगी म्हणाली, "माझी आजी कधीच पाण्यात चालत गेली नाही. ती वाट बघताना मासळी निवडायची." त्या सगळ्या दोन दिवसांतले गाण्याविषयीचे पहिले खरे वाक्य मला हे वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुले होड्या लागतात तिथे गेली. मावशींना रीतसर विचारले. पोशाख आणि दागिने पेटीतच राहिले. मुलगी आपल्या रोजच्या कपड्यांत, बायकांच्या घोळक्यात बसली. पुढ्यात मासळीचा ढीग. कोलंबी एकीकडे, मांदेली एकीकडे, बारीकसारीक तिसरीकडे. निवडता निवडता ती तिसरे कडवे गुणगुणत होती, आणि मध्ये एकदा मान वर करून समुद्राकडे पाहत होती. एवढेच. कॅमेरा एका जागी होता. स्पीकर लावला नव्हता, त्यामुळे बायकांचे बोलणे, बर्फ फोडल्याचा आवाज, लांबून आलेली इंजिनाची धडधड हे सगळे त्यात आले.

महिन्याभराने पुरी झालेली चित्रफीत माझ्याकडे आली. मी ती पाच वेळा पाहिली. माझे मत असे.

पहिल्या दोन कडव्यांत कसब आहे, पण ते उसने आहे. पहिल्या मिनिटात ४१ तुकडे आहेत, मी मोजले. दीड सेकंदाला एक चित्र बदलते आणि सूर मात्र लांब, ओढून घेतलेला. गाणे श्वास घेत असते आणि चित्र धापा टाकत असते. संथगतीचा शॉट सुरेख दिसतो, पण तो का आहे हे विचारले तर उत्तर नाही. ही ओढ कुठून आली हे ओळखायला कष्ट पडत नाहीत. २०१६ च्या 'सैराट'मधली संथगतीची दृश्ये या पिढीच्या डोळ्यांत बसली आहेत. पण नागराज मंजुळे जेऊरचे, आणि त्यांनी कॅमेरा नेला तो आपल्याच करमाळा तालुक्यात. तिथली विहीर, तिथले उसाचे फड त्यांना लहानपणापासून माहीत होते. त्याआधी 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट आला तेव्हाही साधने मोठी नव्हती. तरी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडून संथगती घ्यावी असे मुलांना वाटले. घेण्यासारखे होते ते आपल्या गावाकडे पाहणे.

ड्रोनबद्दल मात्र मला माझा पूर्वग्रह मागे घेतला पाहिजे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी वरून एक होडी दिसते. कॅमेरा वर वर जातो, होडी लहान लहान होते, आणि शेवटी पाण्यावर एक ठिपका उरतो. वाट पाहणाऱ्या बाईला तिचा माणूस असाच दिसत असणार. तीन ड्रोन-शॉटांतला हा एक गाण्याच्या पोटातून आला आहे. बाकीचे दोन वरून चिकटवले आहेत.

आणि मग तिसरे कडवे. ३८ सेकंद, एकही तुकडा नाही. हात चालत आहेत, सूर मधूनच बोलण्यात बुडतो आणि पुन्हा वर येतो. मान वर होते तेव्हा ती काय पाहते ते कॅमेरा दाखवत नाही. ते आपण पाहतो. गाण्याला चित्र हवे कशाला, याचे उत्तर मला इथे मिळाले. शब्द जे सांगू शकत नाहीत, ते हातांनी सांगावे म्हणून. विरह शब्दांत होताच. पण विरहातही मासळी निवडावीच लागते, कारण लिलाव थांबत नाही, हे शब्दांत नव्हते. ते चित्राने आणले.

मी हे सारे दिग्दर्शकाला लिहून कळवले. त्याचे उत्तर प्रामाणिक होते. "काका, पण तुम्हाला आवडलेल्या ३८ सेकंदांतच लोक गाणं पुढे ढकलतात. किल्ला सगळे पूर्ण बघतात." हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. पाहणाराच नसेल तर कला कुणासाठी? पण मला वाटते, लोक पुढे ढकलतात याचे एक कारण पहिली दोन कडवीच आहेत. अडीच मिनिटे दीड-दीड सेकंदाचे घास भरवल्यावर ३८ सेकंदांचा घास कुणाला चावेल? चित्रफीत आपला प्रेक्षक स्वतःच घडवते. त्या मुलांनी घाईचा प्रेक्षक घडवला आणि शेवटी त्याच्याकडे सबुरी मागितली.

चित्रफितीला वर्गात बरे गुण मिळाले असे कळले. पण तिचे सर्वांत उत्तम परीक्षण वर्गात झाले नाही, आणि माझ्या पत्रातही नाही. ते त्या मुलीने मला फोनवर सांगितले. तिने आजीला गाणे दाखवले. जंजिरा आला, सुरूचे बन आले, पदर तरंगला. आजी चहा पीत राहिली. मासळीचा ढीग आला तेव्हा तिने कप खाली ठेवला, मोबाईल हातात घेऊन अगदी डोळ्यांजवळ नेला. पाहून झाल्यावर म्हणाली, "कोलंबी मांदेलीत टाकलीस. दोनदा."

मुलीने सांगितले आणि ती हसू लागली. मग म्हणाली, "काका, आजीला माझं काहीतरी खरं वाटलं, म्हणून तर तिने चूक काढली ना?"

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी कुणीतरी मोबाईल पुढे करील. फराळाचे ताट जरा बाजूला ठेवा, आणि 'छान' म्हणण्याआधी त्या आजीसारखे डोळ्यांजवळ नेऊन पाहा. कोलंबी कुठे चुकली ते सांगा. मुलांना राग येईल. पण त्यांचे गाणे कुणीतरी खरोखर पाहिले, हेही त्यांना कळेल.